तान्ह्या पोळ्यासाठी घरी बैल आणि वाटायला घरचा खाऊ, कसं जमवू?

बेसा-साताराकरीण:

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही नागपूरला, बेसा भागात राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आमच्याकडे आषाढात बेंदूर होतो. मातीची बैलजोडी पूजायची, पुरणपोळी करायची, झालं. इथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खास लहान मुलांचा पोळा, म्हणजे तान्हा पोळा असतो हे सोसायटीतल्या बायकांकडून कळलं. मुलं चाकांवरचा बैल ओढत घरोघर जातात आणि प्रत्येक घरून त्यांना काहीतरी मिळतं, त्याला बोजारा म्हणतात, इथवर मला समजलंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बैल घरी करता येतो का? बाजारात लाकडी बैल बघून आले, सुंदर आहेत. पण परवा मुलानं रिकाम्या खोक्याला दोरी बांधली आणि "माझा बैल, माझा बैल" म्हणत घरभर फिरला. तेव्हापासून मनात आहे की त्याच्याबरोबर बसूनच करावा. मला शिवणकाम येतं, चित्रकला बेताची.

दुसरं म्हणजे आमच्या इमारतीत तीस-चाळीस मुलं तरी दारात येतील. बहुतेक घरांतून चॉकलेटं आणि वेफर्सची पाकिटं देतात असं ऐकलं. मला घरी केलेलं गोड द्यायचंय. ओव्हन नाही, गॅसच आहे. या पावसाळी हवेत काय टिकेल, आणि लहान मुलाच्या मुठीत काय मावेल? मुलगा झोपल्यावरचे दोन तास, एवढाच वेळ हाताशी असतो. करणाऱ्या कुणी असतील तर नीट सविस्तर सांगा.

नंदनवनची आई:

ताई, नक्की होतो. मी माझ्या दोघांसाठी दरवर्षी घरीच करते. मुलगी सहा वर्षांची आहे, मुलगा तीन. लाकडी बैलाची मला आवडच आहे, माझ्या माहेरी माझ्या भावाचा लहानपणचा बैल अजून आहे. पण तो विकत आणला की मुलाच्या वाट्याला फक्त ओढणं येतं. घरी केला की महिनाभर आधीपासून पोळा सुरू होतो.

पुष्कळ जणी कागदाच्या लगद्याचा करायला सांगतील. लगद्याचा बैल दिसतो छान, पण त्याला कडक ऊन लागतं, आणि पोळ्याच्या सुमारास आपल्याकडे चार-चार दिवस ऊन पडत नाही. आतून ओला राहिला की वास येतो, बुरशी धरते. म्हणून मी पुठ्ठ्याचा आणि कागदाचा सांगाडा करून त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवते. तो पंख्याखालीसुद्धा वाळतो.

धडासाठी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली आडवी घ्या. पायांना वर्तमानपत्राच्या चार घट्ट गुंडाळ्या, अंगठ्याएवढ्या जाड. मान आणि डोकं म्हणजे कागदाचे दोन बोळे, एक लांबट, एक त्याहून लहान. सगळं रंगारी वापरतात त्या कागदी टेपनं बांधायचं. त्या टेपवर खळ धरते, चकचकीत सेलोटेपवर धरत नाही. वशिंड विसरू नका. वशिंड नसलं की मुलं सरळ "कुत्रा आहे का हा" असं विचारतात. एक छोटा बोळा मानेच्या मागे, बस.

शिंगांबद्दल मुद्दाम सांगते. तुमच्याकडचा खिल्लार म्हणजे लांब, मागे वळलेली शिंगं. आमच्या वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ पांढरा, आणि त्याची शिंगं आखूड असतात. घरच्या बैलाला मी आखूडच शिंगं लावते. कागदाचे दोन छोटे शंकू, आत कापूस. मुलं गर्दीत एकमेकांच्या अंगावर बैल घालतात, लांब टोकदार शिंगं डोळ्याला लागायची भीती असते. तुमच्या मुलाला साताऱ्याचा खिल्लार हवा असेल तर करा की, फक्त टोकं गोल ठेवा.

खळ अशी करायची. चार मोठे चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा. दुसरी एक वाटी पाणी उकळत ठेवायचं, त्यात हे कालवण ओतून ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की खाली उतरवायची. चिमूटभर मीठ घाला. जुनी माणसं खळीत किडे होऊ नयेत म्हणून मोरचूद घालायला सांगतात. ते विष आहे, मुलांचे हात असतील तिथे अजिबात नको. खळ थोडीथोडी करावी, उरली तर फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांनी टाकून द्यावी.

आता मुलाचं काम. कागद फाडणं हे सगळं त्याला द्या. कात्रीनं कापायचा नाही, हातानं फाडायचा. फाटलेल्या कडा एकमेकींवर सपाट बसतात, कापलेल्या कडेची रेघ रंगातून दिसत राहते. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या. साडेचार वर्षांचं मूल हे तासभर करेल, तेवढ्यात तुमचा स्वयंपाक उरकतो. मग पट्टी खळीत बुडवायची, दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादा खळ काढायची आणि चिकटवायची. एक थर आडवा, तो वाळला की दुसरा उभा, पुन्हा तिसरा आडवा. एका दिवशी एकच थर. घाई केली तर आतला थर ओलाच राहतो. शेवटचा थर पांढऱ्या कोऱ्या कागदाचा लावला तर रंग कमी लागतो.

रंग पोस्टरचे. डोळे त्यालाच काढू द्या. माझ्या मुलीनं गेल्या वर्षी एक डोळा मोठा आणि एक लहान काढला होता. आमच्या गल्लीत सगळ्यांना तो बैल त्या डोळ्यांमुळेच लक्षात आहे. मोठ्या माणसानं मागून नीट केलेला डोळा मुलांना लगेच ओळखू येतो, आणि मग तो बैल त्यांचा राहत नाही.

शिवणकाम येतं म्हणालात, म्हणजे झूल तुमची. खणाचा एखादा तुकडा घरात असेलच, त्याला काठ लावा. गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड, नाकातून सुतळीची वेसण. घुंगरं शिवून पक्की करा, नुसती चिकटवू नका. तीन वर्षांच्या आतली मुलं सुटलेलं घुंगरू तोंडात घालतात.

आता खाऊ. या हवेत मी गुळपापडी करते. पाक नाही, तळण नाही, दूध नाही, आणि आठ-दहा दिवस डब्यात राहते. दोन वाट्या कणीक, पाऊण ते एक वाटी तूप, सव्वा वाटी बारीक चिरलेला गूळ, वेलची, आणि आवडत असेल तर थोडी खसखस. तूप गरम करून त्यात कणीक मंद आचेवर परतायची. पंधरा मिनिटं तरी लागतातच. रंग बदामी झाला आणि शेजारच्या खोलीत वास गेला की गॅस बंद करायचा. दोन मिनिटं थांबायचं आणि मगच गूळ घालायचा. हे दोन मिनिटं थांबणं फार महत्त्वाचं आहे. आचेवर असताना गूळ पडला तर त्याचा पाक होतो आणि वड्या दगडासारख्या होतात. गूळ कणकेच्या उबेवरच विरघळला पाहिजे. लगेच तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडानं थापा, आणि कोमट असतानाच सुरीनं रेघा मारा. लहान चौकोन केले तर ३५ ते ४० होतात. एक घाणा तुमच्या इमारतीला पुरेल, दोन केलेत तर घरीही उरतील.

मुलाला हात लावायचा असेल तर त्याच्यासाठी शंकरपाळ्यांचं पीठ भिजवा. एकाच वाटीनं दूध, साखर आणि तूप सारखं घ्यायचं, गरम करून साखर विरघळवायची, गार झालं की मावेल तेवढा मैदा. पोळी लाटली की बाटलीच्या झाकणानं त्याला गोल कापू द्या आणि मधे काडीनं भोक पाडू द्या. ही झाली बैलाची चाकं. तळायचं काम तुमचं. झाऱ्यानं अलगद सोडा, मंद आचेवर तळा.

महालची मावशी:

नंदनवनच्या पोरीनं सगळं बरोबर सांगितलं. मी थोडं जुनं सांगते.

बाई, तू पोळ्याच्या आदल्या दिवसापासून सुरू कर. त्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्याले तूप-हळद चोळून शेकतो अन् त्याच्या कानाशी म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." आमच्या घरी शेती राहिली नाही, पण माझे नातू आपल्या लाकडी बैलालेही आवतण देतात. तुझा कागदाचा आहे, त्याले तूप लावू नको, डाग पडन. नुसतं हळदीचं बोट खांद्याले टेकव. लेकराले सांग का बैल वर्षभर राबतो, त्याचा खांदा दुखते. लेकरं लय मन लावून करतात ते.

मातीचे बैल करायचे असतील तर आपली काळी माती घेऊ नको. ती ओली असली का फुगते, वाळली का तडकते. शेतातल्या भेगा पाहिल्या असशील तू. कुंभाराकडून किंवा चितार ओळीतून मूर्तीची माती आण, त्यात कापूस पिंजून मळ. मूर्तिकारही कापूस घालतात, त्यानं माती धरून राहते. गणपती तीनच दिवसांवर असतात, तवा चितार ओळीत माती, रंग, बेगड, घुंगरू सगळं भेटते. फक्त ऐनवेळी जाऊ नको. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इकडे मारबती, म्हणजे ईडापिडेचे मोठाले पुतळे, मिरवत निघतात. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, अन् त्यांच्या मागे बडगे, म्हणजे बाप्यांचे पुतळे. इतवारी अन् महालात पाय ठेवायले जागा नसते. लेकरू घाबरत नसन तर वडिलांच्या खांद्यावर बसवून दुरून दाखवा. "घेऊन जा गे मारबत" म्हणून सारा गाव ओरडते, रोगराई, माशा-मोडशा सगळं घेऊन जा म्हणून. सकाळी ते, अन् संध्याकाळी लेकरांचे बैल. पोळ्याच्या सणाले दाराले पळसाची डहाळी लावतात, ती लाव.

हा तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी लेकरांसाठी सुरू केला असं आमच्या महालात सांगतात.

बोजारा म्हणशील तर आमच्या वेळी सुटे पैसे, मुरमुरे-फुटाणे, बत्तासे असंच राहे. मी अजून मुरमुऱ्याचे लाडू देते. या दिवसांत मुरमुरे सादळलेले असतात, तर आधी कढईत चांगले कुरकुरीत भाजून घे. चार वाट्या मुरमुरे, पाऊण वाटी गूळ, चमचाभर तूप. गूळ वितळून फेसाळला का वाटीभर पाण्यात थेंब टाकून पाहा. थेंब ताणला जात असन तर व्हायचा आहे. गोळी होऊन वाटीच्या बुडाले टणकन् वाजली का गॅस बंद कर, मुरमुरे ओत अन् पाण्याचा हात लावून पटापट वळ. हे काम लेकराले द्यायचं नाही, पाक चटका देते. ज्याच्या घरी चार हात आहेत त्यानंच करावे, कारण गार झाले का वळल्या जात नाहीत. गार झाले का लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भर.

वाडीचा बाबा:

चाकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बैल कितीही देखणा असला तरी पेव्हर ब्लॉकवर चाक अडकलं की तो कलंडतो आणि मूल रडकुंडीला येतं. दोन मुलींचे बैल करून दिलेत, त्यावरून सांगतो.

पाण्याच्या बाटलीची झाकणं चाकांसाठी लहान पडतात, फटीत बसतात. लोणच्याच्या किंवा जॅमच्या बरणीची प्लास्टिकची झाकणं घ्या, निदान पाच-सहा सेंटीमीटर रुंदीची. भोक बरोबर मध्यावर हवं. झाकण कागदावर ठेवून पेन्सिलीनं गोल काढा, कापा, दोनदा घडी घाला. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. कागद झाकणावर ठेवून खूण करा आणि तापवलेल्या दाभणानं भोक पाडा. भोक जराही बाजूला गेलं तर बैल लंगडतो.

आसासाठी बांबूची जाड काडी. ती थेट पुठ्ठ्यात घालू नका. पाटाच्या, म्हणजे बैल ज्यावर उभा राहतो त्या फळीच्या, खाली सरबताची नळी आडवी चिकटवा आणि काडी नळीतून घाला, म्हणजे ती मोकळी फिरते. चाक काडीला घट्ट बसवायचं, काडी नळीत सैल. बाहेरून टोकाला फेव्हिकॉलचा थेंब आणि दोऱ्याचे चार वेढे, मग चाक निसटत नाही.

पाट पुठ्ठ्याचाच करायचा असेल तर दोन-तीन थर चिकटवा, एका थराच्या आतल्या पन्हळी आडव्या तर दुसऱ्याच्या उभ्या. तसा पाट वाकत नाही. चाकांमधलं अंतर बैलाच्या अंगापेक्षा रुंद ठेवा. बाटलीचं धड हलकं आणि उंच असतं, म्हणून पाटाच्या खालच्या बाजूला मधोमध एक चपटा दगड टेपनं बांधा. दोरी गळ्याला बांधायची नाही, पाटाच्या पुढच्या कडेला खाली भोक पाडून बांधायची. गळ्याला बांधली की ओढताना तोंड खाली येतं. दोरीची लांबी मुलाच्या कमरेपासून जमिनीपर्यंत, आणि वर दीड हात.

बेसा-साताराकरीण:

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी! मावशी, आवतणाचं वाचून मुलाला लगेच सांगितलं. तो आत्ताच बैलाच्या खोक्याच्या कानात बोलून आला. बाबा, लोणच्याच्या बरणीची दोन झाकणं सापडली, दोन शेजारून आणते.

अजून दोन शंका. नागपूरला आहोत तर संत्र्याचं काही करून द्यावं असं वाटतंय. संत्रा बर्फी घरी जमते का? आणि आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला शेंगदाणा चालत नाही, तिला त्यानं त्रास होतो. तिचं काय करू? ती एकटी वेगळी पडू नये असं वाटतं.

नंदनवनची आई:

आधी त्या मुलीचं. सगळ्यांनाच बिनशेंगदाण्याचं द्या. गुळपापडीत आणि चाकांमध्ये शेंगदाणा येतच नाही, मग तिला वेगळं काही द्यायची वेळच येणार नाही. फक्त तळायला शेंगदाण्याचं तेल वापरू नका, आणि कढई, झारा, ताट घासून घ्या. तिच्या आईला आधी फोन करून काय काय घातलंय ते सांगा. आमच्या गल्लीत अशी एक आई आहे. तिला आदल्या दिवशी कुणी आपणहून विचारलं तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं. इतर घरांतून मिळालेलं सगळं तिला मुलीच्या हातातून काढून घ्यावं लागतं. तुमच्या घरचं मुलगी निर्धास्तपणे दारातच खाईल.

संत्र्याचं मात्र आत्ता करू नका. माझं माहेर काटोलकडचं, घरी संत्र्याची झाडं आहेत, म्हणून सांगते. पोळ्याच्या दिवसांत झाडावर आंबिया बहाराची फळं असतात, पण हिरवी आणि आंबट. ती गोडीला येतात दिवाळीच्या आगेमागे. मृग बहाराची संत्री त्यानंतर, फेब्रुवारी-मार्चकडे. आत्ता बाजारात दिसणारं फळ आपलं ताजं नसतं. शिवाय खव्याची बर्फी या दमट हवेत बाहेर टिकत नाही. मुलं संध्याकाळभर पिशवीत घेऊन फिरतात आणि रात्री उशिरा खातात. खवा बिघडला तर लहान पोटाला फार त्रास होतो. मी तो धोका घेत नाही.

दिवाळीत मात्र कराच. चार-पाच गोड संत्री सोलून फोडींवरचा पापुद्रा आणि बिया काढायच्या. पांढरी साल जराही राहिली तर कडू लागतं. गर साखरेबरोबर जाड बुडाच्या कढईत आटवायचा, जॅमसारखा घट्ट होईपर्यंत. दुसऱ्या भांड्यात खवा मंद आचेवर परतायचा. दोन्ही कोमट झाले की गॅस बंद असताना एकत्र करायचे. दुधात किंवा उकळत्या खव्यात संत्र्याचा रस घातला की आंबटपणानं ते फाटतं आणि बर्फी रवाळ, पाणचट होते. पुष्कळ जणी "जमलीच नाही" म्हणतात त्यांचं बहुधा इथेच अडतं. वरून केशरी सालीचा अगदी चिमूटभर कीस घाला. बाजारच्या बर्फीइतका भडक रंग येणार नाही. फिकट पिवळसर रंग येतो, तोच खरा.

आणि साली फेकू नका. संत्रं आडवं कापून अर्ध्या भागातला गर चमच्यानं अलगद काढला की मधला पांढरा देठ सालीला धरून राहतो. त्यात तेल घालून देठ भिजू दिला की तीच वात होते. माझी मुलगी दिवाळीत अशा पणत्या ओळीनं मांडते आणि सगळ्या घराला संत्र्याचा वास येतो. पेटवताना मोठं माणूस जवळ हवंच. उरलेल्या साली सावलीत वाळवून आई माझ्याकडे पाठवते, मी त्या कपड्यांच्या कपाटात ठेवते.

खाऊ बांधायचं राहिलं. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. मी जुन्या रंगीत मासिकांची पानं वापरायचे, पण छापील शाई तुपाच्या वडीला लागते, म्हणून आता आत बटर पेपर आणि बाहेर तपकिरी कागद. त्यावर मुलीनं बटाट्याचा ठसा उमटवलेला असतो. अर्ध्या बटाट्यावर बैलाचं तोंड कोरायचं, म्हणजे एक त्रिकोण, दोन कान, दोन शिंगं. सुरी तुम्ही धरा, ठसे त्याला मारू द्या. एका संध्याकाळी चाळीस पुड्या सहज होतात. पुडीत एक वडी आणि दोन चाकं. मूठभर, त्याहून जास्त नको. लहान मुलांना पुडी मिळाल्याचाच आनंद मोठा असतो.

दारात बैल आला की आधी बैलाला हळद-कुंकू लावा, मुलाला ओवाळा, मग बोजारा हातात द्या. पुष्कळ घरांत आता दार उघडून नुसतं चॉकलेट टाकतात पिशवीत. तुम्ही बैलाचं नाव विचारा. प्रत्येक मुलानं नाव ठेवलेलं असतं आणि ते सांगायची त्याला घाई झालेली असते.

महालची मावशी:

अन् ज्याच्याकडे बैल नसन त्या लेकरालेही बोजारा दे. कामाले येणाऱ्या बाईचे पोट्टे, वॉचमनचा पोरगा. ते लाजून मागे उभे राहतात. त्यांच्यासाठी आठ-दहा पुड्या आधीच बाजूले काढून ठेव.

बेसा-साताराकरीण:

मावशी, ठेवते. आमच्या इमारतीच्या वॉचमनदादांची मुलगी रोज माझ्या मुलाशी खेळते. तिच्यासाठी दुसरा बैलच करावा का? सामान तर आहेच. आणि पोळा झाल्यावर या बैलांचं काय करायचं? मैद्याची खळ आहे, मुंग्या-झुरळं येतील ना?

नंदनवनची आई:

नक्की करा, आणि तिलाही बोलवा करायला. दोघं बसली तर कागद फाडायचं काम दुप्पट वेगानं होतं. झूल दोघांच्या बैलांना एकाच खणाची शिवा.

ठेवायचं असं. पोळा झाल्यावर लगेच बांधू नका, कारण ओल्या रस्त्यावरून फिरून बैल खालून भिजलेला असतो. चार दिवस पंख्याखाली राहू द्या. झूल आणि घुंगरमाळ काढून वेगळी ठेवा. मग रंगावरून फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून ब्रशनं एक हात द्या, पोटाखालून आणि पायांच्या आतूनही. खळ आत बंद झाली की झुरळं फिरकत नाहीत. वाळल्यावर वर्तमानपत्रात कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा आणि माळ्यावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर आतल्या आत घाम धरतो. वर्षानं काढला की बहुधा कान आणि शेपटी तेवढी नवी लावावी लागते. बाबांनी सांगितलेले आस मात्र पावसाळ्याआधी एकदा तपासा, बांबू आक्रसून चाक सैल झालेलं असतं.

गूळ घेताना इतवारीत मस्कासाथेतून घेतलात तर ठोकाचे भाव मिळतील. पिवळाधमक घेऊ नका, थोडा तांबूस, हातानं फुटणारा बघा. दोन घाण्यांना अर्धा किलोत भागतं.